यंत्राआधी आज्ञावली लिहिणाऱ्या अ‍ॅडा लव्हलेस

गणिती सॉफ्टवेअरचे प्राथमिक धडे आज घरबसल्या, ऑनलाइन घेता येतात. संगणकाला काय करायचे ते नेमके आणि क्रमवार सांगावे लागते, हा त्यातला पहिला धडा. संगणक अस्तित्वात येण्याच्या शंभर वर्षे आधी हा धडा ज्यांनी कागदावर उतरवला, त्या अ‍ॅडा लव्हलेस यांनीही उच्च गणित घरी बसूनच आत्मसात केले होते, पत्रांद्वारे.

१० डिसेंबर १८१५ रोजी लंडनमध्ये जन्मलेल्या अ‍ॅडा या कवी लॉर्ड बायरन यांच्या कन्या. त्या अवघ्या काही महिन्यांच्या असताना वडिलांनी इंग्लंड कायमचे सोडले. वडिलांचा लहरी स्वभाव मुलीत उतरू नये, या धास्तीने आईने त्यांना लहानपणापासूनच गणिताची गोडी लावली. १८३३ साली, सतराव्या वर्षी त्यांची गाठ चार्ल्स बॅबेज यांच्याशी पडली. बॅबेज यांच्या गणनयंत्राचा अपुरा नमुना त्यांनी पाहिला आणि त्या भारावून गेल्या.

विवाह झाला, तीन मुले झाली. गणिताची ओढ मात्र सुटली नाही. त्याकाळी इंग्लंडमधील विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद होती. तेव्हा १८४० पासून त्यांनी ऑगस्टस डी मॉर्गन यांच्याकडे प्रामुख्याने पत्रव्यवहारातून कलनशास्त्राचे शिक्षण घेतले. मदुराईत जन्मलेले हे नामवंत गणितज्ज्ञ शिष्येच्या बुद्धीवर प्रसन्न होते. पण एवढा बौद्धिक ताण स्त्रीच्या प्रकृतीला झेपणार नाही, ही त्या काळची समजूत त्यांनाही सुटली नव्हती.

बॅबेज यांच्या नियोजित 'अ‍ॅनालिटिकल इंजिन'वर इटालियन अभियंते मेनाब्रिया यांनी १८४२ मध्ये फ्रेंच भाषेत लेख लिहिला. अ‍ॅडा यांनी १८४३ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि मूळ लेखाच्या सुमारे तिप्पट लांबीच्या टिपा जोडल्या. नावाच्या जागी फक्त आद्याक्षरे छापली गेली. शेवटच्या टिपेत बर्नुली संख्या यंत्राकडून काढून घेण्याच्या २५ पायऱ्यांचा तक्ता होता. तोच पुढे जगातील पहिली संगणकीय आज्ञावली म्हणून ओळखला गेला.

या श्रेयावरून अभ्यासकांत मतभेद आहेत. त्या गणिताचे बीजगणित बॅबेज यांनी करून दिले होते. त्यातली एक गंभीर चूक अ‍ॅडा यांनी पकडली, हेही बॅबेज यांनीच पुढे नमूद केले. मात्र असे यंत्र केवळ आकडेमोड न करता चिन्हे हाताळू शकेल, अगदी संगीतरचनाही करू शकेल, हे त्यांनी ओळखले. त्याचबरोबर यंत्र स्वतःहून काही निर्माण करू शकत नाही, असा इशाराही दिला. आजची गणिती सॉफ्टवेअर बीजगणितातील चिन्हे हाताळतात, त्यामागील कल्पना हीच.

ते यंत्र कधीच उभे राहिले नाही. बॅबेज यांच्या आधीच्या यंत्रावर १७ हजार पौंड खर्चून ब्रिटिश सरकारने १८४२ मध्ये हात आखडता घेतला होता. अ‍ॅडा यांची अखेरची वर्षे आजारपणात आणि घोड्यांच्या शर्यतींतील कर्जात गेली. २७ नोव्हेंबर १८५२ रोजी वयाच्या ३६ व्या वर्षी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वडीलही छत्तिसाव्या वर्षीच गेले होते. ज्यांचा सहवास कधी लाभला नाही, त्या वडिलांशेजारीच त्यांच्या इच्छेनुसार हकनॉलच्या चर्चमध्ये त्यांना दफन करण्यात आले.

१९७९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने एका संगणकीय भाषेला 'अ‍ॅडा' हे नाव दिले. ज्या संख्यांसाठी त्यांनी २५ पायऱ्या मांडल्या, त्या आज नवखा विद्यार्थी एका आज्ञेत मिळवतो. त्यांना स्वतःला मात्र आपली आज्ञावली यंत्रावर चालवून पाहणे कधीच शक्य झाले नाही.