गळा तापल्याशिवाय तान नाही : सवाई गंधर्वांच्या आवाजाची गोष्ट

खेड, मावळ, जुन्नर, आंबेगाव भागात सप्ताह सुरू झाला की चौथ्या-पाचव्या दिवशी एक गोष्ट हमखास होते. चांगल्या गायकाचा गळा बसतो. पहाटे काकड्याला उठायचं, थंडीत तसंच माईकपुढे उभं राहायचं आणि पहिल्याच अभंगाला वरच्या पट्टीत सूर लावायचा. दिवसा चाकणला कंपनीत ड्युटी, रात्री पुन्हा हरिजागर. मग आवाज घोगरा होतो आणि लोक म्हणतात, बुवांना नजर लागली. नजर-बिजर काही नसते, गळा तापायच्या आधीच त्याच्यावर लोड दिलेला असतो.

हीच अडचण जन्मभर सांभाळून एक माणूस देशातल्या मोठ्या गायकांत जाऊन बसला. त्याच्या नावाचा महोत्सव पुण्यात दर डिसेंबरात भरतो. पिंपरी-चिंचवडमधूनही कितीतरी लोक तो ऐकायला जातात, पण ज्याच्या नावाने तो भरतो त्याची गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. तो माणूस म्हणजे सवाई गंधर्व.

कारकुनाचा पोरगा

त्यांचं खरं नाव रामचंद्र गणेश सौंशी. गावावरून लोक रामभाऊ कुंदगोळकर म्हणायचे. जन्म १९ जानेवारी १८८६ चा, गाव कुंदगोळ. हे गाव आज कर्नाटकात धारवाड जिल्ह्यात, हुबळीजवळ येतं. वडील तिथल्या नाडगीर घराण्याकडे कारकून होते. पोराने शिकून नोकरी धरावी, अशी घरची इच्छा. म्हणून रामभाऊंना हुबळीच्या शाळेत घातलं. पण पोराचं चित्त पुस्तकात नव्हतं, गाण्यात होतं. आवाज गोड होता. सुरुवातीचं शिक्षण बळवंतराव कोल्हटकर यांच्याकडे झालं.

पुढे किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचं नाडगिरांच्या वाड्यावर येणं-जाणं सुरू झालं. रामभाऊंनी त्यांचं गाणं ऐकलं आणि शिकायचं तर यांच्याकडेच, असं मनाशी पक्कं केलं. खाँसाहेबांनी शिष्य म्हणून घेतलं, पण आठ वर्षं शिकावं लागेल ही अट घातली.

कंठ फुटला आणि गोडी गेली

मिसरूड फुटायच्या वयात पोरांचा आवाज बदलतो. रामभाऊंचाही बदलला, पण इतका बदलला की आधीचा गोडवाच गेला. आवाज जाड झाला, हट्टी झाला, वळवावा तिकडे वळेना. ज्या आवाजाच्या जोरावर शाळा सोडली तोच हातातून सुटला. नोकरीही नाही आणि गाणंही नाही, अशी गत व्हायची वेळ आली.

दुसऱ्या कुणी गाणं सोडून दिलं असतं. रामभाऊंनी सोडलं नाही. किराणा घराण्याची रीतच अशी की आधी सूर, मग बाकी सगळं. तान, सरगम, जलद गाणं नंतर. पहिल्यांदा खालचा सा धरायचा. त्याला खर्ज भरणं म्हणतात. तंबोऱ्याशी आवाज मिळवून एकच सूर श्वास पुरेल तितका वेळ, जोर न लावता धरून ठेवायचा. मग एकेक सूर वर चढायचं. घाई नाही, ओरडा नाही. रोज तेच, महिनोन् महिने तेच. पडीक रान जसं एका नांगरटीत वठणीवर येत नाही, तसंच हे. वर्षांच्या मेहनतीने तो हट्टी आवाज सुरात बसला.

नाटकातला काळ

शिक्षणानंतर रामभाऊ संगीत नाटकात गेले. ते वारं तेव्हा जोरात होतं आणि बाईचं कामही पुरुषच करायचे. नाट्यकला प्रवर्तक मंडळीत त्यांनी नायिकेच्या भूमिका केल्या. ‘सौभद्र’मधली सुभद्रा गाजली. अमरावतीच्या मुक्कामात दादासाहेब खापर्डे यांनी त्यांना सवाई गंधर्व ही पदवी दिली. सवाई म्हणजे सव्वापट. पुढे लोक मूळ नाव विसरले आणि पदवीच नाव होऊन बसली.

नाटकातून बाहेर पडल्यावर त्यांनी मैफली गाजवल्या. पण त्यांचा आवाज लगेच लागायचा नाही. मैफल सुरू झाली की पहिला बराच वेळ गळा खरखरायचा, सूर दाटल्यासारखा यायचा. नवखा माणूस चुळबुळ करायचा. जाणकार मात्र बसून राहायचे, कारण पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक असायचं. रामभाऊ जबरदस्ती करायचे नाहीत. खालच्या सुरात, सावकाश आलाप घेत गळ्याला तापू द्यायचे. एकदा का आवाज मोकळा झाला की मग वरचे सूर असे लागायचे की ऐकणारा जागचा हलत नसे.

कंपनीत रोज मशीन चालवणाऱ्याला हे लगेच कळेल. थंडीत मशीन सुरू केलं की आधी थोडा वेळ रिकामं फिरवतात, मग जॉब लावतात. गळ्याचंही तसंच आहे. गळ्यात दोन छोट्या पट्ट्या असतात, त्यांना स्वरतंतू म्हणतात. साधं बोलताना पुरुषाच्या स्वरतंतूंची सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा थरथर होते, वरच्या सुरात ती दुप्पट-तिप्पट होते. त्या पट्ट्या थंड, कोरड्या, आखडलेल्या असताना एकदम ताणल्या तर सुजतात. असं रोज झालं तर त्यांच्यावर गाठी येतात.

शिष्यांना तेच दिलं

रामभाऊंनी जे स्वतः भोगलं तेच शिष्यांना शिकवलं. गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला शिकायला यायच्या. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर त्यांचाही आवाज बदलून पुरुषासारखा भरदार झाला होता. आवाज बिघडला म्हणजे गाणं संपलं असं नाही, हे गुरूने स्वतःच्या गळ्यावर सिद्ध केलेलं होतं. तोच भरदार आवाज पुढे गंगूबाईंची ओळख झाला.

भीमसेन जोशी लहान वयात घर सोडून गुरूच्या शोधात हिंडले आणि १९३६ च्या सुमारास कुंदगोळला येऊन पोचले. तिथे गुरूच्या घरी पाणी भरायचं, पडेल ते काम करायचं आणि मेहनत करायची. तोडी, मुलतानी, पूरिया असे मोजकेच राग त्यांच्याकडून घोटून घेतले. फिरोज दस्तूर आणि बसवराज राजगुरू हेही याच गुरूचे शिष्य.

आवाज गेला, पण गाणं राहिलं

१९४२ मध्ये रामभाऊंना अर्धांगवायूचा झटका आला. ज्या आवाजासाठी अर्धा जन्म घातला तो पुन्हा हातातून गेला. या वेळी तो परत आला नाही. मैफली थांबल्या. जानेवारी १९४६ मध्ये पुण्यात त्यांच्या साठीचा समारंभ झाला, तेव्हा तरुण भीमसेन गायले आणि पुणेकरांनी त्यांना डोक्यावर घेतलं. स्वतः गाऊ न शकणाऱ्या गुरूपुढे त्यांचंच गाणं दुसऱ्याच्या गळ्यातून आलं.

१२ सप्टेंबर १९५२ ला पुण्यात सवाई गंधर्वांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, भीमसेनांनी पुढाकार घेऊन गुरूची पुण्यतिथी गाण्याने सुरू केली. आज त्यालाच सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव म्हणतात.

आपल्या भजनी मंडळांसाठी

यातून घ्यायचं ते सोपं आहे. काकड्याला जायच्या आधी घरीच दहा-पंधरा मिनिटं खालच्या सुरात आ-कार धरावा. ओठ मिटून गुणगुणावं, मग हळूहळू वर चढावं. पाणी आधीपासून थोडं थोडं पीत राहावं. सारखं खाकरू नये. पहिला अभंग खालच्या पट्टीतला घ्यावा, उंच चाल नंतर. माईक आहे तर ओरडायची गरज नाही. तरुण पोराचा कंठ फुटत असेल तर त्याला मागे धरायला बसवावं, पण वरच्या सुराची सक्ती करू नये आणि गाणंही सोडायला लावू नये. दोन-तीन आठवडे घोगरेपणा गेला नाही तर घरगुती काढ्यावर न थांबता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं.

सवाई गंधर्व झालेला माणूसही मैफलीत आधी खालच्या सुरातच बसायचा. आपल्या बुवांनी पहिला अभंग सावकाश घेतला तर ऐकणाऱ्यांनी तेवढा दम धरायला हरकत नाही.