विठ्ठल रामजी शिंदे

विठ्ठल रामजी शिंदे (२३ एप्रिल १८७३ – २ जानेवारी १९४४) हे मराठी समाजसुधारक, धर्मचिंतक, संशोधक आणि लेखक होते. अस्पृश्यतानिवारणासाठी त्यांनी १९०६ मध्ये मुंबईत ‘भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी’ ही संस्था स्थापन केली. ती ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ या नावानेही ओळखली जाते. लोकांनी त्यांना ‘महर्षी’ ही उपाधी दिली. धर्मकार्यासाठी जमविलेल्या पैशाचा कारभार कोणाच्या हाती असावा आणि ज्यांच्या नावाने तो जमविला त्यांचा त्यावर व स्वतःच्या राजकीय प्रतिनिधित्वावर किती अधिकार असावा, हे प्रश्न त्यांच्या आयुष्यात वारंवार उभे राहिले.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

शिंदे यांचा जन्म तत्कालीन जमखंडी संस्थानात (सध्याचा बागलकोट जिल्हा, कर्नाटक) एका मराठा कुटुंबात झाला. वडील रामजीबाबा वारकरी होते. आईचे नाव यमुनाबाई. घरातील भक्तिपर वातावरणामुळे जातिभेदाविषयीची त्यांची नावड लहानपणीच रुजली. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून ते १८९८ मध्ये बी. ए. झाले. त्याच सुमारास ते प्रार्थना समाजाचे सभासद झाले. १९०१ ते १९०३ या काळात त्यांनी ऑक्सफर्डच्या मँचेस्टर महाविद्यालयात तौलनिक धर्मशास्त्राचा अभ्यास केला. तेथील शिक्षणासाठी युनिटेरियन पंथीयांची शिष्यवृत्ती मिळाली, तर प्रवासखर्च बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दिला. १९०३ मध्ये स्वदेशी परतल्यावर ते मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले.

निराश्रित साह्यकारी मंडळी

प्रचारकार्यानिमित्त देशभर फिरत असताना शिंदे यांनी अस्पृश्य वस्त्यांची पाहणी केली. अहमदनगरजवळील भिंगार येथे अस्पृश्यांनी भरविलेल्या सभेत ते सहभागी झाले. या अनुभवांतून स्वतंत्र संस्थेची कल्पना पक्की झाली. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी परळ येथे मोरारजी वालजी यांच्या बंगल्यात मंडळीची पहिली शाळा उघडण्यात आली. अध्यक्षपद न्यायमूर्ती सर नारायण चंदावरकर यांच्याकडे होते. शेठ दामोदरदास गोवर्धनदास सुखडवाला यांनी प्रारंभीच १,००० रुपयांची देणगी दिली. चिटणीसपद शिंदे यांनी स्वतःकडे घेतले.

शिक्षण देणे, कामधंदा मिळवून देणे, सामाजिक अडचणी दूर करणे आणि उदार धर्म, शील व नागरिकत्व यांचा उपदेश करणे, हे मंडळीचे उद्देश होते. रामजीबाबा, यमुनाबाई आणि भगिनी जनाक्का शिंदे यांनीही या कार्याला वाहून घेतले. मतभेदांमुळे शिंदे यांनी १९१० मध्ये प्रार्थना समाजाचे प्रचारकपद सोडले, मंडळीचे काम मात्र अखंड चालू ठेवले. १९१२ पासून त्यांचे मुख्य कार्यक्षेत्र पुणे झाले.

निधी आणि कारभार

मंडळीच्या शाळा व वसतिगृहे विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालणे शक्यच नव्हते. संस्थानिक, व्यापारी, प्रार्थना समाजाचे सभासद आणि सरकारी अनुदान यांवर त्यांचा भार होता. पुण्यातील वास्तूसाठी इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांनी २०,००० रुपये दिले. अहिल्याबाई होळकर यांच्या स्मरणार्थ तिला ‘अहिल्याश्रम’ हे नाव देण्यात आले. मंडळी वार्षिक अहवाल छापून आपल्या कामाची माहिती वर्गणीदारांपुढे ठेवीत असे.

या व्यवस्थेत एक अंतर्विरोध होता. पैसा देणारे व व्यवस्था पाहणारे बहुतेक स्पृश्य वर्गातील होते आणि ज्यांच्यासाठी पैसा जमविला जाई ते अस्पृश्य वर्गातील होते. त्यामुळे संस्थेचे उत्तरदायित्व देणगीदारांकडे वळत असे. अस्पृश्य वर्गात सुशिक्षित तरुणांची संख्या वाढली तसा हा अंतर्विरोध अधिक ठळक झाला. ज्या शाळांनी त्यांना लिहिते-बोलते केले, त्याच शाळांच्या कारभारात आपला अधिकार किती, हे ते विचारू लागले.

राजकीय प्रतिनिधित्वाचा वाद

१९१७ मध्ये ॲनी बेझंट यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनात अस्पृश्यतेविरुद्ध ठराव मंजूर झाला. त्यामागे शिंदे यांचे परिश्रम होते. मार्च १९१८ मध्ये मुंबईत सयाजीराव गायकवाड यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यतानिवारण परिषद भरली.

१९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे शिंदे आणि भीमराव रामजी आंबेडकर या दोघांच्याही साक्षी झाल्या. अस्पृश्यांचे प्रतिनिधी कायदेमंडळातील निर्वाचित सभासदांनी निवडावेत, अशी मंडळीची सूचना होती. आंबेडकर यांनी तिच्यावर कठोर टीका केली. स्पृश्यांच्या पसंतीने आलेला प्रतिनिधी अस्पृश्यांना नव्हे, तर त्याला निवडणाऱ्यांना जबाबदार राहील, असा त्यांचा आक्षेप होता. मे-जून १९२० मध्ये छत्रपती शाहू महाराज यांच्या अध्यक्षतेखाली नागपूर येथे भरलेल्या बहिष्कृत परिषदेतही या सूचनेचा निषेध झाला.

जातीय मतदारसंघांना शिंदे यांचा तत्त्वतः विरोध होता. हे तत्त्व त्यांनी स्वतःच्या बाबतीतही पाळले. १९२० च्या मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकीत मराठ्यांसाठी राखीव जागा उपलब्ध असताना ते पुण्यातून सर्वसाधारण जागेसाठी उभे राहिले आणि पराभूत झाले.

कारभाराचे हस्तांतरण

१९२३ मध्ये शिंदे यांनी पुण्यातील संस्थेच्या व्यवस्थेतून निवृत्ती घेतली आणि सूत्रे अस्पृश्य वर्गातील कार्यकर्त्यांच्या हाती सोपविली. सतरा वर्षे ज्या कामासाठी त्यांनी घर, संसार व आरोग्य पणाला लावले होते, त्याचा अधिकार सोडण्याचा हा निर्णय होता.

उत्तरायुष्य

त्यानंतर शिंदे यांनी मंगळूर येथे ब्राह्म समाजाचे काम केले. १९२४ मध्ये वायकोम सत्याग्रहाच्या काळात त्यांनी त्रावणकोरला भेट दिली. पुढे शेतकरी चळवळीत त्यांनी भाग घेतला. १९३० च्या सविनय कायदेभंगात त्यांना येरवडा तुरुंगात कारावास भोगावा लागला. ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ (१९३३) हा त्यांचा संशोधनग्रंथ आणि ‘माझ्या आठवणी व अनुभव’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध आहे. २ जानेवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

काँग्रेसच्या राष्ट्रीय राजकारणाशी जवळीक असल्यामुळे ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी, अस्पृश्यांशी सहजीवनामुळे सनातन्यांनी आणि प्रतिनिधित्वाविषयीच्या भूमिकेमुळे आंबेडकरी चळवळीने शिंदे यांना दूर ठेवले. त्यामुळे दीर्घकाळ त्यांच्या कार्याची उपेक्षा झाली. अस्पृश्यतेचा प्रश्न शिक्षण, वसतिगृहे आणि संस्थात्मक निधी यांच्या आधारे हाताळणाऱ्या आरंभीच्या प्रवर्तकांत त्यांची गणना होते. १९१९-२० च्या वादात मात्र त्यांच्या कार्याची मर्यादाही स्पष्ट झाली. दुसऱ्यांच्या सद्भावनेवर उभ्या राहिलेल्या संस्थेतून शिकलेल्या पिढीने हक्काचे प्रतिनिधित्व मागितले, तेव्हा त्या मागणीपुढे मंडळीचे उत्तर अपुरे पडले.