राजर्षींनी हजेरी बंद केली; ‘सराईत’चा शिक्का कधी पुसणार?

जन्माने कोणीही चोर नसतो, हे राजर्षी शाहू महाराजांनी राज्यकारभारातून दाखवून दिले. २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले यशवंतराव कोल्हापूरला दत्तक आले व १८९४ मध्ये त्यांच्या हाती राज्याची सूत्रे आली. १९०२ मध्ये त्यांनी मागासलेल्यांसाठी ५० टक्के नोकऱ्या राखून ठेवल्या.

इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरविल्या होत्या. कोल्हापुरातही महार, मांग, रामोशी, बेरडांना गुन्हा नसताना हजेरी द्यावी लागे. महाराजांनी १९१८ मध्ये ती बंद केली. ज्यांना जग चोर म्हणे, त्या फासेपारध्यांना त्यांनी पहाऱ्यावर नेमले. १९२० मध्ये माणगाव परिषदेत बाबासाहेबांच्या नेतृत्वाचा जाहीर गौरव केला. ६ मे १९२२ रोजी हा लोकराजा गेला.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. पण १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. जमातीचा शिक्का माणसाच्या कपाळी आला, माणसे मात्र तीच! २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजारांहून कमी किमतीची पहिली चोरी करून माल परत करणाऱ्यास समाजसेवेची शिक्षा आहे; दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान एक वर्ष सक्तमजुरी. संशयाने कामच मिळत नसेल, तर दुसरी वेळ टळणार कशी?

शिक्षा कृत्याची व्हावी, शिक्क्याची नव्हे. ही किमान शिक्षा काढा, सुटणाऱ्याला काम द्या, अशी आमची मागणी आहे. महाराजांनी हेच केले होते. जयंतीला हार घालणाऱ्या राज्यकर्त्यांनी एवढे तरी करावे!