मौलाना सय्यद सुलैमान नदवी (रह.) आणि छायाचित्राचा प्रश्न

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या चरित्राचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला ‘सीरतुन्नबी’ हा उर्दू ग्रंथ ठाऊक असतो. अल्लामा शिबली नोमानी (रह.) यांनी तो आरंभिला आणि त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचे शिष्य मौलाना सय्यद सुलैमान नदवी (रह.) यांनी तो खंडामागून खंड लिहून पुढे नेला. मौलानांच्या विद्वत्तेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्यांच्या आयुष्यातील एक प्रसंग तितकासा सांगितला जात नाही. छायाचित्राविषयी त्यांनी एक मत मांडले आणि अनेक वर्षांनी तेच मत जाहीरपणे मागे घेतले, तो हा प्रसंग होय.

मौलानांचा जन्म 1884 साली बिहारमधील देसना या गावी झाला. लखनौच्या दारुल उलूम नदवतुल उलमा येथे त्यांनी शिक्षण घेतले व तेथेच शिबलींची दृष्टी त्यांच्यावर पडली. 1913 मध्ये काही काळ ते कलकत्त्यास मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या ‘अल-हिलाल’ साप्ताहिकात होते. हे साप्ताहिक सचित्र होते. उर्दू वाचकाला तुर्कस्तान व त्रिपोलीच्या युद्धाची छायाचित्रे त्यातून घरबसल्या पाहावयास मिळत. धार्मिक विषयावरील लेख आणि सजीवांची चित्रे एकाच पानावर येऊ लागली होती, आणि त्यामुळे अनेक दीनदार मंडळींच्या मनात प्रश्न उभा राहिला होता.

तेथून मौलाना आपल्या पुण्यास आले. डेक्कन कॉलेजात फारसीचे अध्यापन करण्यासाठी त्यांची नेमणूक झाली. पुण्यातील हा काळ थोडा, पण शांत अभ्यासाचा होता. नोव्हेंबर 1914 मध्ये गुरूंच्या आजारपणाची वार्ता आली आणि ते आझमगढला धावले. शिबलींनी अंतकाळी ‘सीरत’चे काम त्यांच्याकडे सोपविले. पुण्याची नोकरी सोडून मौलाना आझमगढला स्थायिक झाले, तेथे दारुल मुसन्निफीन ही संस्था उभी राहिली आणि 1916 पासून ‘मआरिफ’ हे मासिक निघू लागले.

याच ‘मआरिफ’मध्ये 1919 साली मौलानांनी चित्रांच्या प्रश्नावर विस्ताराने लेखन केले आणि छायाचित्र वैध असल्याच्या बाजूने कौल दिला.

हा प्रश्न त्या काळी किती अवघड होता हे समजण्यासाठी मूळ आधार ध्यानात घ्यावे लागतात. सजीवांची चित्रे बनविणाऱ्यांना कयामतच्या दिवशी आपल्या निर्मितीत प्राण घालण्यास सांगितले जाईल व ते त्यांना जमणार नाही, असा इशारा हदीसमध्ये आला आहे. ज्या घरात चित्र असते तेथे रहमतचे फरिश्ते येत नाहीत, असेही आले आहे. ह. आयेशा (रजि.) यांनी चित्रे असलेला पडदा लावला तेव्हा प्रेषितांनी (स.) नापसंती दर्शविली आणि त्या कापडाच्या उशा करण्यात आल्या. दुसरीकडे, कापडावरील नक्षीचा अपवाद सांगणारी ह. अबू तल्हा (रजि.) यांची हदीस आहे. ह. आयेशा (रजि.) यांच्या लहानपणीच्या बाहुल्यांचा उल्लेखही हदीसमध्ये आहे. चित्रकलेवर पोट असलेल्या एका माणसाला ह. इब्ने अब्बास (रजि.) यांनी झाडे व निर्जीव वस्तू काढण्यास सांगितले होते. या सर्व आधारांतून बहुसंख्य फुकहांनी सजीवांचे हाताने काढलेले चित्र निषिद्ध ठरविले. कॅमेरा मात्र त्यांच्यापैकी कोणीच पाहिलेला नव्हता.

म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी दोन मते पुढे आली. इजिप्तचे मुफ्ती शेख मुहम्मद बखीत यांनी छायाचित्र वैध ठरविले. त्यांच्या मते छायाचित्रात मनुष्य काहीच घडवीत नाही, तो केवळ अल्लाहने निर्माण केलेल्या वस्तूची सावली धरून ठेवतो. आरशात पाहणे कोणी निषिद्ध मानीत नाही, मग याला का मानावे, असा या पक्षाचा रोख होता. दुसऱ्या पक्षात देवबंदचे तरुण विद्वान मुफ्ती मुहम्मद शफी (रह.) होते. मौलाना नदवींच्या लेखांना त्यांनीच सविस्तर उत्तर लिहिले. त्यांचे म्हणणे असे, की आरशातील प्रतिबिंब माणूस समोर असेपर्यंतच टिकते. ते औषधांनी कागदावर स्थिर केले की प्रतिबिंब राहत नाही, चित्र होते. साधन बदलल्याने हुकूम बदलत नाही.

हा तर्क आजही विचार करावयास लावतो. मोबाइलच्या पडद्यावरील प्रतिमेविषयी विद्वानांत जो मतभेद आहे, त्याचे मूळ याच आरशाच्या दाखल्यात आहे. एक पक्ष म्हणतो की पडद्यावर काही स्थिर होतच नाही, दुसरा म्हणतो की परिणाम तोच आहे. पारपत्र किंवा ओळखपत्रासाठी लागणाऱ्या छायाचित्राला मात्र गरजेपोटी सूट देण्याकडे दोन्ही बाजूंच्या बहुतेक विद्वानांचा कल आहे. हजला जाणाऱ्या माणसाचेही त्यावाचून चालत नाही.

पुन्हा मौलानांकडे वळू. 1920 मध्ये ते मौलाना मुहम्मद अली यांच्यासह खिलाफतच्या शिष्टमंडळातून युरोपला गेले. 1925 मध्ये मद्रासला त्यांनी सीरतवर दिलेली व्याख्याने आजही वाचली जातात. 1931 साली मुंबईत अरबांच्या नौकानयनावर त्यांची व्याख्याने झाली. कोकणच्या बंदरांशी ज्यांचे पिढ्यान्‌पिढ्या नाते आहे अशा आपल्या वाचकांनी ती अवश्य मिळवून वाचावीत. 1933 मध्ये अल्लामा इक्बाल यांच्यासमवेत ते अफगाणिस्तानला जाऊन आले. कीर्तीत काही उणे राहिले नव्हते.

पण मनाला स्वस्थता नव्हती. 1938 साली, पन्नाशी ओलांडलेल्या या नामवंत विद्वानाने मौलाना अशरफ अली थानवी (रह.) यांच्या हातावर बैअत केली. त्यांच्या अनेक चाहत्यांना हे रुचले नाही. इतक्या मोठ्या संशोधकाला मुरीद होण्याची काय गरज, असे त्यांना वाटे. मौलानांनी मात्र स्वतःच्या जुन्या लेखनाकडे नव्या नजरेने पाहण्यास आरंभ केला होता. जानेवारी 1943 च्या ‘मआरिफ’मध्ये त्यांनी आपल्या चुकांची कबुली व त्यांतून माघार प्रसिद्ध केली. छायाचित्राविषयीचे मत त्यात होते.

हे कोणी त्यांच्याकडून लिहवून घेतले नव्हते. मासिक त्यांचेच, संपादक तेच. चोवीस वर्षांपूर्वीचे लेख बहुतेक वाचक विसरूनही गेले असतील. ते गप्प राहिले असते तर कोणी जाब विचारला नसता. पण ज्या मासिकातून मत पसरले त्याच मासिकातून ते मागे घेतले जावे, एवढी काळजी त्यांनी घेतली. मौलाना आझाद यांनीही ‘तज़किरा’ प्रसिद्ध होताना त्यात आपले छायाचित्र छापू देण्यास नकार दिला होता आणि ‘अल-हिलाल’ सचित्र काढणे ही चूक होती असे मान्य केले होते. पुढे त्यांच्या सार्वजनिक जीवनात त्यांची छायाचित्रे असंख्य निघाली, हा भाग वेगळा.

छायाचित्राला वैध मानणारे आजचे काही लेखक मौलाना नदवींच्या 1919 च्या लेखांचा आधार देतात आणि 1943 चा उल्लेख टाळतात. वैध मानणाऱ्यांपाशी इतर विद्वानांचे आधार आहेत, ते त्यांनी खुशाल द्यावेत. मौलानांचे नाव घ्यावयाचे तर दोन्ही तारखांसह घेणे हाच प्रामाणिकपणा होय.

1946 नंतर काही वर्षे मौलाना भोपाळ संस्थानात काझी होते. 1950 मध्ये ते कराचीला गेले. तेथे राज्यघटनेच्या कामी इस्लामी सल्ला देण्यासाठी नेमलेल्या मंडळाचे ते अध्यक्ष झाले. त्या मंडळाच्या सदस्यांत मुफ्ती मुहम्मद शफी होते. तेही थानवींचेच खलीफा. ज्यांनी कधीकाळी आपल्या लेखांचे खंडन केले, त्यांच्या शेजारी बसून मौलानांनी अखेरची वर्षे काम केले. 22 नोव्हेंबर 1953 रोजी कराचीत त्यांचे निधन झाले आणि मौलाना शब्बीर अहमद उस्मानी (रह.) यांच्या कबरीलगत त्यांना दफन करण्यात आले.