214 कोटींचं कोडं आणि दृष्टी गेलेला ऑयलर

‘गंगनम स्टाईल’ आठवतंय? 2014 च्या डिसेंबरात त्या व्हिडिओचे व्ह्यूज मोजता मोजता यूट्यूबच्या काउंटरची मर्यादा संपली. तो काउंटर 2,14,74,83,647 च्या पुढे जाऊच शकत नव्हता. 2 ला 2 ने गुणत 31 वेळा 2 घ्या आणि त्यातून 1 वजा करा, की हीच संख्या येते. गंमत म्हणजे ती मूळ संख्या आहे, म्हणजे 1 आणि स्वतःखेरीज तिला कशानेच भाग जात नाही. हे सिद्ध केलं लिओनार्ड ऑयलर यांनी, तेही कॉम्प्युटर येण्याच्या कितीतरी आधी.

ऑयलर यांचा जन्म 1707 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथला. वडील धर्मगुरू आणि मुलानेही तेच व्हावं, ही त्यांची इच्छा. पण योहान बर्नुली या गणितज्ञाने मुलाची बुद्धी ओळखली आणि वडिलांचं मन वळवलं. विशीत ऑयलर रशियात सेंट पीटर्सबर्गला पोहोचले. तिशीत उजवा डोळा गेला. मधली 25 वर्षं बर्लिनमध्ये काढून ते 1766 ला रशियात परतले, तोवर दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला होता. 1771 मध्ये ऑपरेशन झालं, थोडे दिवस दिसलं, मग इन्फेक्शन झालं आणि होती ती नजरही गेली. त्याच वर्षी आगीत घर जळालं.

आपली ही संख्या मात्र त्यांच्या डोक्यात आधीपासून होती. 1752 साली गोल्डबाख यांना लिहिलेल्या पत्रात ती मूळ आहे की नाही, याबद्दल ते साशंक होते. 20 वर्षांनी, 1772 मध्ये, त्यांनी उत्तर कळवलं: मूळच आहे!

हे केलं कसं? सरळ रस्त्याने गेलं तर 46,340 पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बघावं लागतं. अशा संख्या साडेचार हजारांहून जास्त भरतात. ऑयलर यांनी आधी विचार केला, की हिला भाग जाणारी मूळ संख्या असलीच तर ती कशी असेल? तिला 248 ने भागल्यावर बाकी 1 किंवा 63 च उरली पाहिजे. बाकी सगळ्या बाद! तपासायला उरल्या फार तर 372 संख्या आणि त्यातल्या एकीनेही भाग गेला नाही.

पुढची कित्येक दशकं ही माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती. 1811 मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने तर असं लिहिलं, की हिच्या पलीकडे शोधायच्या फंदात आता कुणी पडणार नाही, कारण त्याचा उपयोग काहीच नाही. बार्लो यांचा अंदाज साफ चुकला!

दृष्टी गेल्यावर ऑयलर सांगायचे आणि मुलगा व मदतनीस लिहून घ्यायचे. त्यांच्या एकूण लेखनातला जवळपास अर्धा भाग याच काळातला आहे. 18 सप्टेंबर 1783 ला नव्याने सापडलेल्या युरेनसच्या कक्षेवर बोलणं झालं आणि त्याच दिवशी ते गेले.

आणि हो, 19 जानेवारी 2038 ची सकाळ लक्षात ठेवा. जुन्या पद्धतीने सेकंद मोजणाऱ्या कॉम्प्युटरांचं घड्याळ भारतीय वेळेनुसार 8 वाजून 44 मिनिटं 7 सेकंदांनी याच आकड्यावर येऊन अडणार आहे!