अचूक नेमाचा ध्यास घेतलेला वनाधिकारी : कॅप्टन जेम्स फोरसिथ

देवरी : नागपूरहून रायपूरकडे जाणारा महामार्ग साकोली मागे टाकून देवरीच्या दिशेने निघाला, की दोन्ही बाजूंचे जंगल दाट होऊ लागते. १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात आणि त्यानंतर गोंदिया जिल्ह्यात असलेला हा मुलूख एकोणिसाव्या शतकात मध्य प्रांताचा भाग होता. नागपूर ही त्या प्रांताची राजधानी. या प्रांतातील अरण्ये, तेथील आदिवासी आणि वन्य प्राणी यांची सविस्तर ओळख ज्यांच्या लेखनामुळे जगाला झाली, त्यांत कॅप्टन जेम्स फोरसिथ याचे नाव अग्रभागी आहे. वनरक्षक, महसूल अधिकारी, भटका निरीक्षक आणि कसलेला शिकारी अशी अनेक रूपे त्याच्या अवघ्या तेहेतीस वर्षांच्या आयुष्यात एकत्र आली होती.

फोरसिथचा जन्म १८३८ चा. इंग्लंडमध्ये विद्यापीठीय शिक्षण घेऊन एम.ए. झाल्यावर तो हिंदुस्थानात आला. बंगाल स्टाफ कोअरमधील हा अधिकारी पुढे वन खात्यात रुजू झाला. नागपूरचा मुलूख आणि सागर-नर्मदेचा प्रदेश एकत्र करून १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला होता. सर रिचर्ड टेंपल मुख्य आयुक्त म्हणून कारभार पाहत होते, तर कॅप्टन पिअर्सन हे प्रांताचे पहिले वनसंरक्षक होते. प्रांतात किती जंगल आहे, त्यात कोणती झाडे आहेत आणि ती कोणाच्या ताब्यात आहेत, याची नीट नोंद सरकारजवळ नव्हती. ही उणीव भरून काढण्याच्या कामी तरुण फोरसिथची नेमणूक झाली.

१८६२ ते १८६४ या काळात जबलपूर हे ठाणे ठरवून त्याने प्रांताचा मोठा भाग पालथा घातला. नर्मदेच्या उगमापाशी अमरकंटकला तो पोहोचला, छत्तीसगडचे मैदान त्याने ओलांडले आणि पूर्वेकडील सालवनांत मुक्काम केले. पचमढीच्या पठारावर त्याने १८६२ मध्ये उभारलेली ‘बायसन लॉज’ ही वास्तू आजही तेथे आहे. पचमढीनजीकच्या खोऱ्यात सागाच्या विस्तीर्ण प्रदेशात सालाचा एक एकाकी पट्टा त्याला आढळला. सालवनांचे सोबती असलेले बारशिंगे आणि तांबडे रानकोंबडेही त्या लहानशा पट्ट्यात होते. वृक्ष बदलला की त्याच्या आश्रयाने राहणारे प्राणीही बदलतात, हे त्याने हेरले. परिसरशास्त्र हा शब्द रूढ होण्यापूर्वीचे हे निरीक्षण आहे.

मात्र फोरसिथचे पहिले पुस्तक जंगलावर नव्हते, बंदुकीवर होते. शिकारीची रायफल आणि तिच्या गोळ्या यांविषयीचा त्याचा ग्रंथ १८६३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा त्याचे वय जेमतेम पंचविशीचे होते. स्फोटक चूर्णावर आघात करून बार उडविण्याची युक्ती शोधणारा स्कॉटिश धर्मोपदेशक अलेक्झांडर फोरसिथ हा वेगळा. आडनावाच्या सारखेपणामुळे या दोघांची अनेकदा गल्लत होते.

नेम धरण्यासाठी बंदुकीवर कोणते साधन असावे, हा त्या काळातील शिकाऱ्यांपुढचा मोठा प्रश्न होता. नळीच्या टोकाशी माशी आणि मागे खाच, ही जुनी व्यवस्था. परंतु नळीतून सुटलेली गोळी सरळ रेषेत जात नाही. सुटल्या क्षणापासून ती खाली येऊ लागते. सेकंदाच्या एक तृतीयांश काळात कोणतीही वस्तू सुमारे ५४ सेंटिमीटर खाली येते, तर अर्ध्या सेकंदात सव्वा मीटरच्या आसपास. म्हणून वेगवेगळ्या अंतरांसाठी उघडमीट करता येतील अशा अनेक खाचपट्ट्या रायफलीवर बसविल्या जात. चांदमारीच्या मैदानावर, मोजलेल्या अंतरावर, ही व्यवस्था उत्तम चाले. जंगलात ती कुचकामी ठरे. बांबूच्या बेटातून गवा क्षणभर दिसतो आणि नाहीसा होतो. तेवढ्या अवधीत अंतराचा अंदाज बांधून योग्य पट्टी उघडणे कोणालाही साधणारे नव्हते.

अंदाज चुकला की गोळी पोटात किंवा पायात लागे. जखमी जनावर झुडपांत शिरून दिवसेंदिवस तडफडत मरे. जखमी वाघ किंवा बिबट्या तर मोहफुले वेचायला आणि लाकूडफाट्याला जाणाऱ्या गावकऱ्यांच्या जिवावर उठण्याचा धोका असे. नेमाचा प्रश्न हा शिकाऱ्याच्या हौसेपुरता मर्यादित नव्हता. चुकलेल्या गोळीची किंमत जनावर आणि गावकरी मोजत.

फोरसिथने या प्रश्नाला उलट्या बाजूने हात घातला. खाचपट्ट्या वाढविण्याऐवजी गोळीचा मार्गच सपाट करावा, म्हणजे शिकारीच्या नेहमीच्या अंतरात एकाच खाचेने नेम धरता येईल, असे त्याचे प्रतिपादन होते. त्यासाठी गोळी वेगवान हवी आणि वेगासाठी दारू भरपूर हवी. अडचण अशी, की त्या वेळच्या रायफलींच्या नळीतील पिळदार खाचा फार आवळ पिळाच्या असत. दारू वाढविली की गोल गोळी त्या खाचा न जुमानता घसरत बाहेर पडे आणि नेम बिघडे. त्यावर मोठ्या तोंडाची नळी, गोल गोळी आणि अतिशय सैल पीळ हा उपाय त्याने मांडला. १४ बोअरच्या नळीसाठी १०४ इंचांत एक फेरा, हे त्याच्या नावाशी जोडले गेलेले प्रमाण ठासणीच्या रायफली बनविणाऱ्यांना आजही ठाऊक आहे.

काळाने त्याच्या रायफलीला लवकरच मागे टाकले. काडतुसे आली, धूररहित दारू आली. अमेरिकेत हेन्री आणि विंचेस्टर यांच्या, चापाखालचे कडे खालीवर करून भरण्याच्या रायफली त्याच्या हयातीतच निघाल्या होत्या. प्रश्न मात्र मिटला नाही. या रायफलींच्या नळीखालील पेटीत काडतुसे एकामागे एक राहत असल्याने टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या बुडावर आदळून स्फोट होण्याची भीती असे. म्हणून चपट्या तोंडाची गोळी वापरावी लागे आणि तिचा वेग हवेत लवकर मंदावे. १८९४ च्या विंचेस्टरमधून रिकामे काडतूस वरच्या बाजूने बाहेर पडत असल्याने तिच्यावर दुर्बीण बसविणेही अवघड होते. मार्लिनच्या रायफलीतून ते बाजूने पडे, त्यामुळे तेथे ही अडचण नव्हती. माशी, भोकाची खाच की दुर्बीण, या वादात अंतर, वेग आणि गोळीचा मार्ग हीच फोरसिथची त्रिसूत्री पुन्हापुन्हा डोके वर काढत राहिली.

पुढे फोरसिथ निमाड जिल्ह्याचा जमाबंदी अधिकारी आणि उपायुक्त झाला. याच सुमारास मध्य भारतातील डोंगराळ प्रदेशावरील त्याचा प्रसिद्ध ग्रंथ आकारास आला. त्यात वाघ, गवा आणि रानम्हशी यांच्याबरोबरच गोंड, कोरकू आणि बैगा यांचे जीवनही आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी जमविलेल्या गोंडी लिंगो-कथेचे पद्यरूप त्याने या ग्रंथात दिले. देवरीशेजारच्या सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहा याच लिंगोच्या परंपरेतील श्रद्धास्थान असून माघ पौर्णिमेला तेथे मोठी यात्रा भरते.

त्याच्या दृष्टीला काळाच्या मर्यादाही होत्या. आदिवासींची बेवर शेती त्याला जंगलाची नासाडी वाटे. बैगांच्या वनज्ञानाचे त्याला कौतुक होते, पण ज्या वनव्यवस्थेने त्यांच्या पिढीजात हक्कांवर बंधने घातली, तिचाच तो अधिकारी होता. रेल्वेच्या स्लीपरांसाठी चाललेली बेसुमार तोड त्याने पाहिली होती, आणि ज्या प्राण्यांचे त्याने जिव्हाळ्याने वर्णन केले, त्यांच्यावर त्याची बंदूकही चालली होती.

१ मे १८७१ रोजी लंडनमध्ये फोरसिथचे निधन झाले. त्याचा ग्रंथ त्याच वर्षी, परंतु त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. शंभर वर्षांनी, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग संपविले. देवरीच्या आसपासच्या अरण्यांना २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या रूपाने संरक्षण मिळाले. फोरसिथची रायफल संग्राहकांच्या कुतूहलाचा विषय झाली आहे. त्याने नोंदविलेले जंगल मात्र अभ्यासकांच्या कामी येते. कोठे साल होता, कोठे बारशिंगे होते आणि दीडशे वर्षांत काय हरवले, हे ताडून पाहण्यासाठी आजही त्याचीच पाने उघडावी लागतात.