सलीम अली

डॉ. सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली (जन्म : १२ नोव्हेंबर १८९६, मुंबई, मृत्यू : २० जून १९८७, मुंबई) हे भारतीय पक्षिशास्त्रज्ञ होते. विद्यापीठाची पदवी नसतानाही त्यांनी प्रत्यक्ष निरीक्षणाच्या बळावर भारतातील पक्षी-अभ्यासाचा पाया घातला.

बालपण आणि शिक्षण

सलीम अली हे सुलेमानी बोहरा कुटुंबातील सर्वांत धाकटे अपत्य होते. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्याने मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी मुंबईत खेतवाडी येथे त्यांचा सांभाळ केला. एकदा छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ती कोणती, हे विचारण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला, संस्थेतील पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि वाचायला पुस्तके दिली. १९१३ मध्ये ते मॅट्रिक झाले, परंतु महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट राहिले. कौटुंबिक व्यवसायासाठी ते काही वर्षे ब्रह्मदेशात होते. डिसेंबर १९१८ मध्ये त्यांचा विवाह तेहमिना यांच्याशी झाला.

नोकरी आणि जर्मनीतील अभ्यास

पदवी नसल्यामुळे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत त्यांना पक्षिशास्त्रज्ञाची जागा मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात (आजचे छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय) ते मार्गदर्शक-व्याख्याता झाले. पुढे रजा घेऊन ते बर्लिनला एर्विन स्ट्रेसमान यांच्याकडे शिकले. हेलिगोलँड बेटावरील पक्षी-केंद्रात त्यांनी पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे तंत्र आत्मसात केले.

किहीम येथील सुगरणीचा अभ्यास

१९३० मध्ये ते परतले, तेव्हा निधीअभावी संग्रहालयातील त्यांचे पद रद्द झाले होते. उत्पन्न थांबल्याने पतिपत्नी तत्कालीन कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात, अलिबागजवळच्या किहीम या किनाऱ्यावरील गावी राहायला गेले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. कोकणात पावसाळ्यात भातशेती बहरते आणि पात्यांच्या धाग्यांपासून सुगरण खोपे विणते. सलीम अलींनी या नित्य दिसणाऱ्या पक्ष्याचे अनेक महिने निरीक्षण केले. नर खोपा अर्धा विणतो, मादी तो पाहून पसंत करते, मगच नर तो पूर्ण करतो. मादी अंडी घालून उबवू लागली की तोच नर दुसरा खोपा विणायला घेऊन दुसऱ्या मादीला आकर्षित करतो, हा क्रम त्यांनी नोंदवला. बेकारीच्या काळात, नुसत्या सातत्यपूर्ण पाहण्यातून झालेल्या या कामाने त्यांना संशोधक म्हणून मान्यता मिळवून दिली.

सर्वेक्षणे आणि ग्रंथलेखन

यानंतर त्यांनी केवळ खर्च मिळावा, वेतन नको, या अटीवर हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांचे सर्वेक्षण केले; त्रावणकोर-कोचीन आदी संस्थानांतही हे काम झाले. मुक्कामांची व्यवस्था तेहमिना पाहत. १९३९ मध्ये त्यांचे निधन झाले. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. सामान्य वाचकाला पक्षी ओळखता यावा, असे त्याचे स्वरूप होते. डिलन रिप्ले यांच्यासह त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांवर दहा खंडांचा संदर्भग्रंथ लिहिला.

स्थलांतराचा अभ्यास

हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे पाहुणे पक्षी मार्च-एप्रिलमध्ये परततात. ते नेमके कोठून येतात व कोठे जातात, हे जाणण्यासाठी सोसायटीने १९५९ पासून मोठ्या प्रमाणावर कडी घालण्याचा कार्यक्रम हाती घेतला. कर्नाटकातील क्यासनूर जंगल रोगाचा विषाणू स्थलांतरित पक्ष्यांमार्फत आला असावा, या शंकेमुळे जागतिक आरोग्य संघटनेने त्याला साहाय्य केले. क्रमांक कोरलेल्या कडीचा पक्षी दुसरीकडे सापडला की त्याच्या प्रवासाचा धागा जुळे. राजस्थानातील भरतपूरच्या पाणथळीत या कामाचे प्रमुख केंद्र होते आणि ती पाणथळ वाचवण्यातही सलीम अलींचा मोठा वाटा होता.

सन्मान आणि वारसा

त्यांना पद्मभूषण (१९५८) व पद्मविभूषण (१९७६) हे किताब मिळाले. १९८५ मध्ये राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. त्याचा पहिला दिवस मारुती चितमपल्ली यांचा, तर अखेरचा सलीम अलींचा जन्मदिन आहे. किहीम ज्या जिल्ह्यात आहे, त्याच रायगडमधील कर्नाळा आणि मुरूड-रोहा परिसरातील फणसाड ही अभयारण्ये आज नवख्या पक्षीनिरीक्षकांची शाळा बनली आहेत.